ऑफिसचा शर्ट

हवाईतल्या कवाई बेटावर, हॉस्टेलात तो माझ्या वरच्या बंकवर झोपायचा. टेक्सासमधल्या फ्रिस्को शहरातली त्याची नोकरी गेली होती. दुसरी लवकर मिळाली नाही तर व्हिसा संपून पुण्याला परत जावं लागणार होतं. घरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही चार-पाच जण पाठीवर सॅक टाकून हिंडायचो आणि सगळ्यांत जास्त हसायचा तोच.

पहाटे मात्र हाफपँटवर कॉलरचा शर्ट चढवून, पांढऱ्या भिंतीसमोर दिवा लावून तो आईला व्हिडिओ कॉल करायचा. टेक्सासात तेव्हा ऑफिस सुरू झालेलं असे. खिडकीखालच्या मोकाट कोंबड्या हुसकायचं काम आमच्याकडे होतं.

"नोकरी गेली हे सांगेन यार," तो मला म्हणाला होता, "पण ती गेल्यावर फिरायला आलो, हे कसं सांगू?"

एका सकाळी कॉल चालू असतानाच कोंबडा आरवला.

"कुणाची तरी रिंगटोन आहे गं," तो म्हणाला.

कोंबडा पुन्हा आरवला.

"असू दे," आई म्हणाली. "जेवतोस ना वेळेवर?"

"हो."

फोन संपला की तो शर्ट काढून घडी घालायचा. त्या दिवशीही घातली. मग बनियनवरच बाहेर कोंबड्यांत जाऊन बसला आणि आईला पुन्हा व्हिडिओ कॉल लावला.