टाकीवरचा निरोप्या

चाकणच्या आमच्या कारखान्यात पंपघर आणि कंट्रोल रूम यांच्या मध्ये नवी शेड उभी राहिली, तेव्हा पंपघरातल्या मीटरचे रेडिओवरून येणारे आकडे पोहोचेनात. तिथेच काम करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने पाण्याच्या टाकीवर रिपीटर बसवला. त्याला तो निरोप्या म्हणे.

"ऐकलं तेवढंच पुढं धाडतो, भावा. पदरचं घालायला तो काय आपली आत्या हाय?"

गेल्या वर्षी भाऊ दवाखान्यात वारला. घरी आईला सांगायचं माझ्यावर आलं. रिक्षात मी बरीच वाक्यं जुळवली. आधी नुसतं 'तब्येत जरा जास्त आहे' म्हणावं, असंही ठरवलं.

दारातच तिने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

ते म्हणाले होते तेवढंच मी सांगितलं.

"आणखी?"

आणखी काही नव्हतं.