हलका झेंडा

आमच्या पेठेच्या फुटबॉल सामन्यात मध्यंतराला झेंडा फिरतो. चौघं जण क्लबचा मोठा झेंडा चार कोपऱ्यांना धरून आडवा करतात आणि प्रेक्षकांसमोरून नेतात. ज्याला जे जमेल ते त्यानं त्यात टाकायचं, त्यातूनच पुढची स्पर्धा उभी राहते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी नाणं टाकायचो, तेव्हा झेंड्याला मध्ये पोट सुटलेलं असायचं आणि धरणाऱ्यांचे हात भरून यायचे.

काल तोच झेंडा माझ्यासमोर आला. मैदान गच्च भरलेलं, कानठळ्या बसत होत्या. पण लोकांचे दोन्ही हात मोबाईल धरून वर होते. झेंड्याचंही शूटिंग चाललं होतं. एक कोपरा आमच्या जुन्या गोलकीपरनं, बापूंनी, धरला होता. ते करवादले, "आरं, नुसतं वरडताय काय? म्होरच्या वर्षी स्पर्धाच नसली, तर कुणाच्या नावानं वरडणार?" लोक आणखी जोरात ओरडले. त्यांना वाटलं, बापू चेतवतायत.

प्रेम खोटं नव्हतं हो. पण नुसत्या प्रेमानं मैदानावर चुन्याची रेघसुद्धा उमटत नाही. मीही घसा बसेस्तोवर ओरडलो होतो आणि माझंही पाकीट खिशातच होतं. ते काढेपर्यंत वाऱ्याची झुळूक आली. मध्ये वजनच नव्हतं. चार कोपरे धरलेले असूनही झेंडा वर उचलला गेला, बापूंच्या तोंडासमोर फडफडला, आणि अख्खं मैदान जल्लोष करत उठून उभं राहिलं.