पडद्यावरचा उंचवटा

परवा मी शिकवते त्या नांदेडच्या कॉलेजात मुलींनी आतली उरलीसुरली वाफ काढायला फॉइल गुंडाळून व्हॅक्यूमचं पात्र तापवलं आणि त्या वासानं मी मनानं माझ्या जुन्या प्रयोगशाळेत पोचले. तेव्हा माझे प्रयोग सारखे फसत होते, म्हणून आई मला देगलूरला परत न्यायला आली होती. निळसर उजेडात आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो होतो.

“प्रकाशानं इलेक्ट्रॉन स्फटिकातून बाहेर पडतात. त्यांच्या वेगावरून कळतं, आत ते एकमेकांशी कसे वागतात,” मी सांगत होते.

तेवढ्यात महिनोन्‌महिने वाट पाहूनही न दिसलेला उंचवटा पडद्यावरच्या आलेखात हळूहळू उगवला. प्रयोग जमला होता. मला रडूच फुटलं.

आईनं पाठीवर हात फिरवला. “मग ऱ्हा की हितंच. मी जाते येकटी.”

तेव्हा मला फक्त आनंद झाला होता. तिला सोडायला गेले तेव्हा स्टेशनपर्यंत ती एक शब्दही बोलली नव्हती, हे आता आठवतं.