न दिसलेली शीर

महाडला माझ्या डोक्यातल्या शिरांचा फोटो काढला. त्याचा कागद धाकट्या दिरांनी एसटी स्टँडवर उभ्याउभ्याच उघडला. महिनाभर माझं अर्धं डोकं ठणकत होतं, म्हणून डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला होता. कागद त्यांनाच दाखवायचा होता, पण ते दोन दिवस येणार नव्हते. दीर मुंबईला नोकरी करतात, इंग्रजी वाचतात. मी चौथी शिकलेली. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"डाव्या बाजूची मोठी शीर, नॉट सीन."

"म्हंजे काय?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"म्हंजे नाय. वयनीच्या डोक्यात ती शीरच नाय, दादा."

मी शेजारीच उभी होते. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

आम्ही पोलादपूरला उतरून घरी पोचायच्या आत फोनवरून बातमी वाडीत पोचली होती. पाणवठ्यावर थोरल्या जावेने माझ्या हातातला हंडा काढून घेतला. "ठेव गो, डोक्यावर काय घेव नको. आत पोकळ हाय तुझ्या." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि त्याचाच मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

हसण्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण माझ्या मुलीचं लग्न जवळच्या कापडे गावात जमत आलं होतं. मुलगा तिला आवडला होता. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. आठ दिवसांत निरोप आला, जरा थांबू. कारण मध्यस्थाने तोंडावर सांगितलं. आईला शीर नाय, तर मुलीला असेल कशावरून?

फोन वाजला की मुलगी आधी माझ्याकडे बघायची.

डॉक्टर आल्यावर म्हणाले, घाबरू नका, पण खात्रीसाठी औषध टोचून परत फोटो काढू. त्यासाठी मुंबईला गेलो. तिथल्या नर्सला माझ्या हाताची शीर सापडेना. तीनदा सुई टोचली. "मावशी, कुठे लपवल्यात शिरा?" चौथ्यांदा मनगटाजवळ सापडली. मला तिथेच संताप आला. तीनदा सापडली नाही तरी ती पोरगी शोधत राहिली. हिच्या हाताला शीरच नाही, असं म्हणून उठून गेली नाही.

दुसऱ्या फोटोत डावी शीर होती. उजवीपेक्षा बारीक, पण शेवटपर्यंत गेलेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून दाखवले. "पहिल्या फोटोत वाहतं रक्त तेवढं उमटतं. बारीक शिरेत ते हळू चालतं, मग कधी कधी दिसत नाही. पुष्कळांच्या दोन बाजू सारख्या नसतात. हा आजार नाही." माझी होती ती साधी अर्धशिशी. गोळ्यांनी थांबली.

"मग पयल्यानी नीट लिवायला काय झालं होतं?" दीर म्हणाले. पहिल्याने नीटच लिहिलं होतं. दिसली नाही, एवढंच. "नाय" हा शब्द कागदावर नव्हताच. तो दिरांचा होता. पण हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलली नाही.

ती उचलली कापड्यात. दोन्ही फोटो घेऊन आम्ही नवराबायको मुलाच्या घरी गेलो. मुलाच्या आईने ते दाराच्या उजेडात धरून बघितले. "बरं झालं बाय. आता एक करा, पोरीचा पण एकदा फोटो काढून आणा. आमची खात्री."

"काढू की," माझा नवरा म्हणाला.

"तुमच्या मुलाचा काढलाय?" मी विचारलं.

"त्येचा कशाला?"

"त्येच्या डोक्यात काय हाय, आम्ही तरी कुठं बघितलंय?"

नवऱ्याने माझा पदर ओढला. मी फोटो तिच्या हातातून काढून घेतले आणि बाहेर पडले.

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. "तू कशाला बोललीस गो आये?" म्हणून ती रडली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. ती अंगणात गेली, बराच वेळ बोलली आणि लाल तोंडाने आत आली.

"मी त्येला सांगितलं, फोटो काढायला मी जानार नाय."

"मग? काय म्हनला?"

"आईला विचारतो, म्हनला." आणि तिने फोन बंद करून टाकला.