बिनकल्हईचं पातेलं

आम्ही कल्याणला राहायचो तेव्हा एका वर्षी कथील एकाएकी महागलं. मलायातल्या कथलाच्या खाणींवर चिनी मजुरांच्या टोळ्यांत मारामाऱ्या पेटल्या आणि माल येईना, असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. कल्हईवाला दारावरूनच हात हलवत जाई. "कथीलच नाही, कशाने करू?"

आमचं आमटीचं पातेलं पितळेचं. आतली कल्हई उडून पितळ उघडं पडलेलं. आमसुलाची आमटी त्यात कळकायची, हिरवट आणि कडवट व्हायची. मी वडिलांना म्हटलं, "कल्हई होईपर्यंत मडक्यात शिजवू."

"सोवळ्यात मातीचं भांडं एकदाच चालतं. रोज नवं आणायचं?" वडील हसले. "तिकडे चिनी भांडले म्हणून आम्ही कुंभाराच्या दारात उभं राहायचं होय रे?"

त्याच सुमारास वहिनीला उलट्या सुरू झाल्या. तिला सातवा महिना होता, आणि पहिलं मूल पोटातच गेलेलं. आईचंही पोट दुखे. वडील, दादा आणि मी मात्र ठणठणीत. "बायकांची प्रकृतीच नाजूक," वैद्य म्हणाले.

मला त्याचा संताप आजही येतो. आम्ही पुरुष सकाळी चुलीवरून नुकतीच उतरलेली आमटी जेवायचो. मग वडील आणि दादा ठाण्याच्या कचेरीला जायचे, मी शाळेवर शिकवायला. आई आणि वहिनी दुपार कलल्यावर पान घ्यायच्या. तोवर आमटी त्याच पातेल्यात कळकत राहायची. आमच्या घरात विष पंगतीच्या क्रमाने वाढलं जात होतं.

हे मी जेवताना मोठ्याने बोललो.

"चोपडी वाचून फार शहाणा झालास," वडील म्हणाले. दादा खाली मान घालून जेवत राहिला. स्वयंपाकघरातली भांडी मात्र वाजायची थांबली.

दुसऱ्या दिवशी चुलीवर मडकं होतं. वहिनीने परसदारी कुंभारणीला हाक मारून घेतलेलं. वडील पाटावरून उठले, उपाशीच कचेरीला गेले. दादाही त्यांच्या मागे. मी जेवलो आणि घरीच थांबलो.

दुपारी आईने पान घेतलं नाही. "ते उपाशी गेलेत. मी कशी जेवू?"

"तुम्ही नका जेवू, सासूबाई. मला हे मूल हवंय."

आणि सासूच्या आधी वहिनीने भात कालवला. आईने मडकं सुनेच्या पानाजवळ सरकवलं.

वहिनीला मुलगी झाली. किरकोळ, पण खणखणीत रडणारी. वडील म्हणाले, "देवाची कृपा." मडक्याचं नाव कुणीच काढलं नाही.