दुधाची वेळ वेगळी

आयुष्यभर बस चालवून सासरे थकले होते, आणि त्यांच्या पोटाने तर केव्हाच हात टेकले होते. दुधात केळं कालवून खाण्याची त्यांची जुनी सवय वैद्यांनी मोडली. दूध आणि फळ एकत्र पचत नाही, मध्ये चार तास जाऊ द्या, असं बजावलं. तेव्हापासून शिवणकाम करणारी सून सकाळी केळं आणि दुपारी सुंठ घातलेलं दूध घेऊन माडी चढायची.

"केळ्याचं आणि दुधाचं भांडण लावून दिलंस गं तू," सासरे कुरकुरायचे. ती हसायची आणि पेला रिकामा होईपर्यंत उशाशी बसायची.

महिन्याभरात पोट सुधारलं, पण सुनेचे गुडघे बोलू लागले. एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, आता बरं आहे ना? दोन्ही एकदमच आणत जाऊ का?"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "नको. वैद्य रागावतील." मग खिडकीकडे बघत ते हळूच म्हणाले, "आणि दुपारी कोण येईल गं?"

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला हाताशी घेऊन तिने शिलाई मशीनच माडीवर चढवलं.

"काय ही खडखड!" सासरे म्हणाले, आणि त्यांनी उशी मशीनच्या बाजूला सरकवून घेतली.