गेज कोणी तपासला?

व्हिडिओ सुरू झाला की काका चष्मा कपाळावर चढवायचे, मोबाइल पार नाकाजवळ न्यायचे आणि मधेच अंगठा दाबून चित्र थांबवायचे. थांबलेल्या चित्राकडे थोडा वेळ बघत राहायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे. पण गेज कोणी तपासला?"

व्हिडिओ घेऊन आलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. मी छताकडे बघायचो.

बिबवेवाडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आत टेबलावर उघडी पडलेली मशिनं, आणि दाराशी तारेवर टांगलेली अँटिव्हायरसची पाकिटं. काका समोरच्याच सोसायटीत राहायचे. त्यांची सगळी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. सुट्या भागाचं माप घ्यायचं, बरोबर असेल तो पुढे सोडायचा, नसेल तो लाल पेटीत टाकायचा. गेज म्हणजे ते माप घ्यायचं साधन. काकांचं म्हणणं असं, की भाग तपासायच्या आधी गेज तपासावा. गेजच चुकीचा असेल तर चांगला भाग लाल पेटीत जातो आणि वाईट भाग कोणाच्या तरी गाडीत बसतो.

याचा अँटिव्हायरसशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. हल्ली माझ्या दुकानात कोणी मोकळ्या हातानं येत नाही, मोबाइलवर एखादा व्हिडिओ घेऊनच येतं. त्यात कोणी हौशी माणूस घरच्या कॉम्प्युटरवर व्हायरसनी भरलेलं फोल्डर उघडतो, त्यावर अँटिव्हायरस चालवतो, किती पकडले ते मोजतो आणि निकाल लावून मोकळा होतो. गिऱ्हाईक म्हणतं, "हाच द्या." मी पाकिटाला हात घालणार, एवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज यायचा.

"शंभर व्हायरस होते म्हणतोय हा. ते खरंच व्हायरस होते, हे कोणी बघितलं? निम्मे मेलेले असतील. मेलेला चोर पकडला नाही म्हणून वॉचमनला नापास करणार का?"

"अहो काका, लाखो लोकांनी बघितलाय हा व्हिडिओ."

"सिग्नलचा लाल दिवाही लाखो लोक बघतात. थांबतं कोण?"

मग ते गिऱ्हाइकाला स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ दाखवायचे. बोलणाऱ्याचं एक वाक्य होईतो त्यात अर्धा तास उडालेला असायचा. "मधल्या वेळात यानं काय केलं, ते तुम्हाला माहीत आहे? मला नाही." व्हिडिओखाली 'इथून विकत घ्या' असं लिहिलेलं असलं तर संपलंच. "तपासणारा विकायला बसला की तपासणी झाली म्हणायची." इथे मी गप्प राहायचो, कारण मी विकायलाच बसलेलो होतो.

"मग घ्यायचं तरी कुठलं?" गिऱ्हाईक वैतागून विचारायचं.

"ते मला माहीत नाही. यालाही माहीत नाही, एवढंच सांगतोय."

धंद्याच्या दृष्टीनं हा माणूस परवडणारा नव्हता. चहा मी पाजायचा आणि गिऱ्हाईक त्यांनी घालवायचं. 'उद्यापासून स्टूलच आत ठेवतो' असं मी बायकोला कितीदा तरी सांगितलं असेल. स्टूल काही मी आत ठेवलं नाही. का नाही, ते कळायला काका पहिल्यांदा दुकानात आले तो दिवस सांगायला हवा.

त्या दिवशी ते कॉम्प्युटर जुन्या चादरीत गुंडाळून, पोटाशी धरून घेऊन आले होते. चालू केला तर स्क्रीनभर एकच निरोप होता. तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं आहे, पैसे भरा, चावी मिळेल. त्यांनी वीजबिल समजून मेलमधली एक फाइल उघडली होती. अँटिव्हायरस होता, पण तो ढिम्म बसून राहिला.

"महत्त्वाचं काही होतं का यात?" मी विचारलं. हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो.

काकांनी चादरीची घडी घातली. मग सांगितलं. काकू वर्षापूर्वी गेल्या होत्या. आजार लांबला होता आणि पुढे काय होणार ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना साधा चहाही धड येत नव्हता. म्हणून काकूंनी शेवटच्या महिन्यांत ओट्यावर मोबाइल टेकवून त्यांच्यासाठी छोटे छोटे व्हिडिओ करून ठेवले होते. घर कसं चालवायचं, काय कुठे ठेवलं आहे, असे. मुलीनं ते कॉम्प्युटरवर चढवून दिले. काकूंचा मोबाइल पुढे बिघडला, तो टाकून दिला.

"काय सांगितलं होतं त्यांनी?"

"बघितले नाहीत हो मी," काका म्हणाले. "एकही नाही. आज बघू, उद्या बघू, असं करत वर्ष गेलं. तिचा आवाज ऐकायची छाती होत नव्हती."

मी खाली मान घालून उगाच केबल काढत बसलो. तो अँटिव्हायरस त्यांनी एक व्हिडिओ बघूनच घेतला होता. त्या व्हिडिओत त्यानं सगळेच्या सगळे व्हायरस पकडले होते. आयुष्यभर गेज तपासत आलेल्या माणसानं नेमका त्या दिवशी तो तपासला नव्हता. मला यात नवल वाटत नाही. बायको गेलेल्या घरात माणूस एकटा बसलेला असतो, समोरचा आपुलकीनं बोलत असतो, त्याचं खरं वाटतं.

"अशा टोळ्या कधीतरी पकडल्या जातात," मी म्हणालो. "मग चाव्या बाहेर येतात. पुढच्या महिन्यात येतील, नाहीतर कधीच येणार नाहीत. तोवर ही डिस्क काढून जपून ठेवायची."

"तुमच्याकडेच राहू द्या मालक. घरी असली तर मी काहीतरी करून बसेन."

डिस्क माझ्या लोखंडी कपाटात गेली आणि दुसऱ्या दिवसापासून काका स्टुलावर येऊन बसायला लागले. लोकांना वाटायचं, काका गप्पा मारायला येतात. मला वाटतं, ते त्या कपाटाजवळ बसायला यायचे.

ज्या माणसाच्या व्हिडिओवर त्यांनी विश्वास ठेवला होता, त्याला त्यांनी शोधून काढलं. शोधून म्हणजे, व्हिडिओखाली शुद्ध मराठीत लिहिलं, 'आपण नमुने कुठून आणले, ते कृपया कळवावे.' खाली आपलं पूर्ण नाव. लोक तिथे काय काय लिहितात ते तुम्हाला माहीत आहे. त्या गर्दीत एवढ्या सभ्य माणसाला उत्तर द्यावंसं वाटलं असेल. तो निघाला विश्रांतवाडीचा. एका रविवारी मी काकांना स्कूटरवर घालून त्याच्याकडे घेऊन गेलो. वाटेत मला एकच धास्ती होती, की तिथे आवाज चढणार.

तो चाळिशीतला, एका ऑफिसात हिशेब लिहिणारा माणूस होता. सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बसून व्हिडिओ करायचा. 'आपला व्हिडिओ बघून कोणी घरी आलं' याचाच त्याला इतका आनंद झाला होता, की त्यानं बायकोला पोहे करायला लावले होते.

"एक विचारू का?" पोह्यांची बशी हातात धरून काका म्हणाले. "ते व्हायरस तुम्ही चालवून बघितले होते, की नुसते फोल्डरमध्ये ठेवून मोजले?"

"नुसते मोजले, काका." तो ओशाळला. "चालवायची भीती वाटली. घरात एकच कॉम्प्युटर, मुलीचा अभ्यास त्याच्यावर असतो."

तिथेच सगळं होतं. निपचित पडलेले व्हायरस ओळखणं वेगळं आणि अंगावर आलेला थोपवणं वेगळं. त्या अँटिव्हायरसला पहिलं येत होतं, दुसरं येत नव्हतं, आणि व्हिडिओत फक्त पहिलंच होतं. आता काका बोलणार म्हणून मी बशी खाली ठेवली.

काका म्हणाले, "बरोबर आहे. मीही घाबरलो असतो. फक्त तेवढं व्हिडिओत सांगत चला. 'मी चालवून बघितले नाहीत', एवढंच."

आपलं काय गेलं, ते त्यांनी सांगितलंच नाही. पोहे संपवले, लिंबू छान होतं म्हणाले आणि उठले. परत येताना एका सिग्नलला मागून आवाज आला, "लबाड असता तर बरं झालं असतं." राग घेऊन निघालेला माणूस तो तसाच घेऊन घरी परत चालला होता.

मग तीनेक वर्षं गेली असतील. एके दिवशी बातमी आली, की काकांच्या फायलींना कुलूप लावणारी टोळी परदेशात पकडली गेली आणि तिच्या चाव्या सापडल्या. कुलूप उघडायचं साधन फुकट मिळू लागलं. मी दुकान सोडून धावत समोरच्या सोसायटीत गेलो, दोन जिने चढलो आणि धापा टाकत काकांना सांगितलं.

त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "याचे व्हिडिओ आले असतील ना?"

आलेच होते. काका एकेक बघायला लागले. एकात घड्याळ उडत होतं. एकात फायलींना लागलेलं कुलूप दुसऱ्याच टोळीचं होतं. एकात तर साधनाच्या नावाखाली नवाच व्हायरस वाटत होते, आणि ते काकांनी माझ्या आधी ओळखलं. प्रत्येक वेळी त्यांचंच बरोबर निघायचं, त्यामुळे मलाही घाई करता येईना.

मग एक असा व्हिडिओ सापडला, की त्यात खोट निघेना. कोणी एक बाई होत्या. आधी डिस्कची प्रत काढली, मग त्या प्रतीवर साधन चालवलं, कुठेही न कापता. शेवटी, कुठल्या फायली उघडल्या नाहीत तेही सांगितलं. काकांनी तो परत परत बघितला. चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "हिनं गेज तपासलाय."

"मग लावू या?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि पाण्याच्या टँकरवर बोलत बसले. मी विषय काढला की घरी काहीतरी काम निघायचं. शेवटी एका दुपारी दुकानात कोणी नसताना मी जरा चिडूनच म्हणालो, "काका, मी प्रत काढून ठेवली आहे. मूळ डिस्कला धक्का लागणार नाही. आता अडतंय कुठे?"

काका कपाटाकडे बघत म्हणाले, "आत्ता मला असं वाटतं, की तिनं माझ्यासाठी काहीतरी सांगून ठेवलंय. उघडलं आणि नुसता भाताच्या पाण्याचा अंदाज निघाला तर?" मग म्हणाले, "आणि रागावलेली असली तर? आजारात ती हाक मारायची आणि मी पेपरात तोंड घालून बसायचो. तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून. पण हे तिला कधी सांगितलं नाही मी."

इतक्या वर्षांत ते स्वतःबद्दल माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते. माझी पुढे कधी घाई करायची हिंमत झाली नाही. साधन माझ्याकडे होतं, प्रत माझ्याकडे होती, पण उघडायचं ते त्यांनी, असं मी धरून चाललो.

दिवाळीनंतर काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी दुकानाला कुलूप लावून गेलो, तेव्हा सोसायटीतले लोक मुलीच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. ती बडोद्याला असते. तेरावं झाल्यावर ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दादा, आईची डिस्क तुमच्याकडे आहे ना? उघडा आता."

उघडायला चहा होण्याइतकाही वेळ लागला नाही. फायली एकेक करून सरळ होत गेल्या. मुलीनं माउस हातात घेतला.

काकू ओट्याशी उभ्या होत्या. बारीक झालेल्या, डोक्याला रुमाल. तांदूळ दोनदाच धुवा, चोळत बसू नका. पुढच्यात, सिलिंडर संपत आला हे कसं ओळखायचं. पुढच्यात, स्वेटर कुठल्या बॅगेत आहेत. आवाज खणखणीत, मधेमधे दम लागलेला. मुलगी हसत होती आणि रडत होती. शेवटचा व्हिडिओ ओट्यावरचा नव्हता. काकू पलंगावर उशीला टेकून बसलेल्या होत्या.

"हे तुम्ही बघणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ओळखते मी. तर जे कोणी बघत असेल त्यांना सांगते. हे एकटे असले की जेवायचे नाहीत. चहाबिस्किटावर दिवस काढतील. यांना दोन पोळ्या तरी खायला लावा. नुसतं सांगून ऐकायचे नाहीत, शेजारी बसून जेवा यांच्या. आणि मी रागावलेली नाही म्हणावं. मला ठाऊक आहे, यांना बघवत नाही."

व्हिडिओ संपला. मुलीनं माउस बाजूला सरकवला. मग तिनं विचारलं, "दादा, आता कोणाला सांगायचं हे?"

मी उठून शटर अर्धं खाली ओढलं आणि कोपऱ्यावरच्या खाणावळीतून दोन ताटं मागवली. दुरुस्तीच्या टेबलावरचा पसारा एका बाजूला सरकवून आम्ही शेजारी शेजारी बसलो. भूक तिलाही नव्हती, मलाही नव्हती. तरी दोन-दोन पोळ्या आम्ही संपवल्या.